आर्डिस हॉगन यांनी गुंडाळलेल्या गोळ्यांबाबत

मी, लॉर्ना हॉगन, वय ४७ वर्षे, व्यवसाय शाळेची बस चालवणे, राहणार हॉगन रँच, विलो ड्रॉ रस्ता, गाव टार्बेल, मोंटाना. शेरीफ कचेरीत डेप्युटी गार्थ टोलिवर यांच्यासमोर स्वतःहून हजर राहून सांगते ते असे.

"कागदाने शिशाला वेळेवर सोडलं पाहिजे, बाकीचं मेरिल बघून घेईल." हे वाक्य माझ्या सासूबाई आर्डिस हॉगन यांनी मला माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सांगितलं होतं. डेप्युटींनी विचारलं, याचा गोळी लागून मेलेल्या घोडीशी काय संबंध. मी म्हटलं, संबंध याचाच आहे, म्हणून हे आधी लिहून घ्यावं.

मेरिल हॉगन, वय ८१, हे माझे सासरे. मी त्यांना डॅड म्हणते. ते जुन्या घरात एकटे राहतात. मी आणि माझे पती वेंडेल त्याच आवारातल्या नव्या घरात राहतो. वेंडेल मालगाडीवर आहेत आणि आठवड्यातले बरेच दिवस बाहेर असतात. मेरिल तरुणपणापासून जुन्या धर्तीच्या रायफलींनी नेमबाजी करतात. म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारी, लांब नळीची, काळ्या दारूवर चालणारी रायफल, आणि फार दूर टांगलेली लोखंडी पाटी. गोळी लागली की पाटीचा आवाज उशिरा परत येतो, तो ऐकायचा. या ठिकाणी डेप्युटी म्हणाले, "मिस लॉर्ना, हे मला माहीत आहे. माझ्या आजोबांकडे होती तसली." मी म्हटलं, "तुला माहीत आहे रे, कोर्टाला नसेल." डेप्युटी लहानपणी माझ्या बसमधून शाळेत जात असत, त्यामुळे तोंडून अरे-तुरे गेलं. ते वगळावं असं मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं आहे.

या रायफलीची गोळी विकत मिळत नाही असं नाही, पण आमच्या भागात जो तो आपली गोळी आपण करतो. मेरिल आधी कागदावर गोळीचा आकार काढतात. लांबी किती, नाक किती बोथट, खालची वाटी किती खोल. नाक फार टोकदार केलं तर वाऱ्यात डुलते, फार बोथट केलं तर दूरवर पोचेपर्यंत दमते, असं ते म्हणतात. गोळी नळीपेक्षा केसभर बारीक ठेवतात, कारण उरलेली जागा कागदाची असते. त्या चित्रावरून वायोमिंगमधल्या एका कारागिराने त्यांना लोखंडी साचा कोरून दिला. आमच्या घरातल्या सगळ्या गोळ्या त्या एकाच साच्यातल्या आहेत. तो साचा दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि तो त्यांनी कधी कोणाला वापरायला दिलेला नाही. शिशात थोडं कथील घालून ते मागच्या ओसरीवर वितळवतात. साचा गार असताना पडलेल्या पहिल्या काही गोळ्यांना सुरकुत्या येतात, त्या परत भांड्यात जातात. मेरिल म्हणतात, "सुरकुत्या मला पुरेत, गोळीला नकोत."

गोळी ओतून झाली की तिला कागद गुंडाळायचा. पातळ, सुती चिंध्यांचा कागद घेऊन तो तिरपा कापायचा, पाण्यातून काढायचा, गोळीभोवती बरोबर दोन वेढे द्यायचे आणि उरलेलं शेपूट पिळून खालच्या वाटीत दाबायचं. कागद वाळताना आवळतो आणि शिशाला घट्ट बसतो. चिकटत नाही, नुसता बसतो. बार उडाला की नळीतल्या खाचा कागदाला कापतात, आणि नळीच्या तोंडाशी कागदाचा भुगा होऊन तो गवतावर उडतो. गोळी उघडी होऊन पुढे जाते. म्हणून मेरिल बार काढल्यावर पाटीकडे बघत नाहीत, आधी गवताकडे बघतात. गवतावर पांढरे कण दिसले तर गुंडाळी बरोबर होती. पाटीचं ते नंतर ऐकतात.

गुंडाळायचं काम आर्डिस यांचं होतं. त्या नेमबाजी करत नसत. त्यांना आवाज सोसत नसे, त्या कापसाचे बोळे कानात घालून दुमडत्या खुर्चीवर बसत आणि दुर्बिणीतून वारा सांगत. पण त्यांच्या हातच्या गुंडाळीला कधी सुटी कडा आली नाही. सप्टेंबरच्या सामन्याला लांबलांबची माणसं आमच्या व्हॅनपाशी येऊन, टोपी हातात घेऊन उभी राहत. "आर्डिस, चार गोळ्या गुंडाळून दे ना." त्या म्हणत, "तुझ्या बायकोला शिकव." ते म्हणत, "तिने मला हाकललं." मग त्या गुंडाळून देत. मला त्यांनीच शिकवलं. माझ्या गुंडाळीला मेरिल चांगली म्हणतात. आर्डिसच्या गुंडाळीबद्दल ते काहीच म्हणत नसत, नुसती हातात फिरवत.

आता पुढचं सांगते, ते मी सांगणार नाही असा शब्द दिला होता.

शेवटच्या दोन वर्षांत आर्डिस यांना विसर पडू लागला. हे गावात सगळ्यांना साधारण माहीत आहे. किती, ते माहीत नाही, कारण मेरिल त्यांना चर्चमध्येही दंडाला धरून नेत आणि त्यांच्या आधी स्वतः बोलत. आर्डिस नावं विसरल्या, चुलीवरचं विसरल्या, वेंडेलला त्यांनी एकदा पाणी तपासायला आलेला माणूस समजून कॉफी दिली. वेंडेलने ती प्यायली आणि पाणी चांगलं आहे म्हणून सांगितलं. पण टेबलाशी बसवलं की हात गुंडाळायला लागत. शेवटच्या वर्षात मात्र त्यांनी त्यात खळ आणली. आर्डिस दर उन्हाळ्यात रानचेरीचा मुरांबा करत आणि बरण्यांना पिठाची खळ लावून चिठ्ठ्या चिकटवत. त्या दोन कामांची त्यांच्या डोक्यात गल्लत झाली. त्या गोळीच्या कागदालाही आतून खळ लावायला लागल्या. कागदाला खळ लावली की तो शिशाला सोडत नाही. अशी गोळी कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही.

मेरिल यांनी त्यांना थांबवलं नाही. आर्डिस रोज जेवणानंतर गुंडाळत आणि दुपारी झोपत. त्या झोपल्या की मेरिल ओसरीवर बसून त्या गोळ्या कोमट पाण्यात घालत, कागद सोडवत, गोळी पुसत, आणि स्वतः नवा कागद गुंडाळून पुन्हा आर्डिसच्या डब्यात त्याच रांगेत उभ्या करत. त्यांची बोटं जाड आहेत, त्यांना ते जमत नसे. मी बस लावून आले की बसून करू लागे. आम्ही त्यावर बोलत नव्हतो. एकदा मी म्हटलं, "डॅड, खळ लपवून ठेवू का?" ते म्हणाले, "मग मुरांब्याच्या बरण्यांना काय लावेल ती?" मुरांबा त्या वर्षी झालाच नव्हता.

त्याच सुमारास एका रविवारी मेरिल यांनी ओळीने पाच गोळ्या पाटीच्या मधोमध बसवल्या. आर्डिस दुर्बिणीला डोळा लावून बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "बघ गं, माझा हात अजून बसलेला आहे." मेरिल पाठमोरे होते. ते नळी पुसत म्हणाले, "बसलेला आहेच की. तू नसतीस तर मी गोफण घेऊन फिरत असतो." आर्डिस खूप हसल्या.

आर्डिस हॉगन गेल्या फेब्रुवारीत वारल्या. त्यांनी शेवटी गुंडाळलेल्या गोळ्यांचा एक डबा तसाच राहिला होता. तो पत्र्याचा, बेकिंग पावडरचा डबा आहे. तो मेरिल यांनी सोडवून पुन्हा गुंडाळला नाही. तो ओसरीच्या फळीवर होता. उन्हाळ्यात मी एकदा विचारलं, "यातल्या करायच्या का?" ते म्हणाले, "त्या राहू दे." मला वाटलं ते आठवण म्हणून ठेवतायत. बऱ्याच घरांत असं काही ना काही ठेवलेलं असतं.

घटनेच्या रविवारी मी चर्चमधून आल्यावर बटाट्याची भाजी आणि भाजलेला कोंबडा घेऊन जुन्या घरी गेले. घरात कोणी नव्हतं. मागच्या उतारावरून बार ऐकू आला. आमची नेमबाजीची जागा घरामागच्या घळीत आहे. पाटीच्या मागे मातीचा उंच चढ आहे, आणि त्या चढापलीकडे डार्लीन स्ट्रूप यांचं कुरण लागतं. मेरिल यांनीच बांध घालून तो चढ वाढवलेला आहे. त्या दिवसापर्यंत तिथून एकही गोळी पलीकडे गेलेली नव्हती, हे स्वतः डार्लीनही सांगतील.

मी तिथे पोचले तेव्हा मेरिल नळीच्या तोंडापुढे गवतात गुडघ्यावर बसले होते. मला वाटलं पडले. मी हाक मारली. ते म्हणाले, "पडलो नाहीये. कण शोधतोय." शेजारी आर्डिसची दुमडती खुर्ची उघडून ठेवलेली होती आणि तिच्यावर तो बेकिंग पावडरचा डबा होता. मला सगळं समजलं. मी म्हटलं, "डॅड, या खळीच्या आहेत. तुम्हाला माहीत आहे." ते म्हणाले, "माहीत आहे. या सगळ्यांत एखादी तरी तिने बिनखळीची केली असेल. सवय होती तिला. एखादी असणारच." मी म्हटलं, "घरी चला, कोंबडा गार होतोय." ते म्हणाले, "कोंबडा मेलेलाच आहे, त्याला घाई नाही. अजून एक बघतो."

मी त्यांना अडवलं नाही, हेही लिहावं.

त्यांनी दुसरी गोळी भरली. घाई केली नाही. नळी पुसली, वाऱ्याची पट्टी बघितली, चढावर कोणी नाही ना ते बघितलं आणि मला मागे उभं केलं. बार निघाला. ते गवताकडे बघत राहिले. मी पुढे बघत होते. गोळी पाटीच्या बरीच अलीकडे, उतारावरच्या दगडांत आपटली. मी धूळ पाहिली, आणि मग एक लांब शीळ ऐकली. अशी शीळ म्हणजे गोळी दगडावरून उसळली. ती बांधाच्या वरून गेली. मेरिल यांनी मान वर केली. ते म्हणाले, "बास." त्यांनी रायफल रिकामी केली, खुर्चीवर ठेवली, डब्याला झाकण लावलं. तेवढ्यात चढापलीकडून घोड्याचा आवाज आला. तसा आवाज मी पूर्वी ऐकलेला नव्हता. मेरिल यांनी ऐकला असावा, कारण ते लगेच गाडीकडे निघाले. चालवली त्यांनीच.

डार्लीन यांची घोडी क्लोव्हर कुंपणाजवळ बसलेली होती. गोळी पोटात गेलेली होती. डार्लीन तिचं डोकं मांडीवर घेऊन होत्या. मेरिल टोपी काढून त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "डार्लीन, माझ्या हातून गेली. माझीच गोळी." डार्लीन म्हणाल्या, "मग काय माझी? इथे दुसरं कोण मारतंय? तिचा पाय धर, लाथ मारेल ती." जनावरांच्या डॉक्टरांना यायला वेळ लागला. तोवर मेरिल पाय धरून होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. घोडी गेल्यावर डार्लीन उठल्या, स्कर्ट झटकला आणि म्हणाल्या, "आता माझ्या जमिनीवरून जा, मेरिल. आज नाही बघवत मला तुझं तोंड." आम्ही गेलो. तक्रार त्यांनी दुसऱ्या दिवशी दिली. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. क्लोव्हर त्यांच्याकडे शिंगरू असल्यापासून होती.

मंगळवारी डेप्युटी मेरिल यांच्याकडे आले. मी हजर होते. डेप्युटींनी विचारलं, गोळी बांधावरून कशी गेली. मेरिल म्हणाले, "कुणास ठाऊक. डोळ्यांना दिसत नाही हल्ली. डोकंही चालत नाही. रायफल कधी भरली तेसुद्धा मला आठवत नाही." डेप्युटींनी विचारलं, वार कोणता होता. ते म्हणाले, "वार? बर्फ पडत होता ना?" तेव्हा खिडकीबाहेर आमचं गवत पिवळं पडलेलं दिसत होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आर्डिसच्या शेवटच्या वर्षातलं बोलणं ते शब्दन् शब्द बोलत होते. त्यांनी ते समोर बसून ऐकलेलं होतं, त्यामुळे चांगलं जमलं. डेप्युटी फार मायेने वागले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस लॉर्ना, हे कधीपासून आहे?"

त्यानंतर जिल्ह्याच्या सरकारी वकिलांनी कोर्टाला कळवलं की मेरिल यांच्या मनाची तपासणी व्हावी, त्यांना बंदूक आणि गाडी ठेवू देऊ नये, आणि दिवसभर घरी लक्ष ठेवणारं कोणी नसल्यामुळे त्यांना शहरातल्या वृद्धांच्या केंद्रात हलवता येईल का ते बघावं. ते केंद्र मी बघितलेलं आहे. आर्डिससाठी बघायला आम्ही तिघं गेलो होतो. मेरिल गाडीतून उतरले नव्हते.

कोर्टाचे कागद घरी आले त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "डॅड, हे काय चालवलंय तुम्ही?" ते बूट पुसत होते. म्हणाले, "डोळे अधू झालेला म्हातारा आहे मी. अशा म्हाताऱ्याच्या हातून गोळी जाते. लोकांना पटतं." मी म्हटलं, "तुम्हाला कुरणातल्या सशाचे कान मोजता येतात." ते म्हणाले, "ते तुला माहीत. लोकांना मी वेडा वाटलो तरी मला चालतं. गोळी का उसळली हे एकदा विचारायला लागले तर ते डबा उघडतील, खळ निघेल, आणि मग सप्टेंबरच्या सामन्याला आठवण म्हणून बोर्डावर जिचं नाव लावलंय तिच्याबद्दल व्हॅनपाशी काय बोलतील? नको. ती गेली तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की तिचा हात शेवटपर्यंत बसलेला होता. तिलाही तेच वाटत होतं. तेच राहू दे, पोरी." मी म्हटलं, "आणि तुम्ही त्या केंद्रात जाऊन बसणार?" ते म्हणाले, "तिथे जेवण बरं असतं म्हणे." मग म्हणाले, "तू काही सांगणार नाहीस. दे शब्द." मी दिला.

वेंडेल यांना मी फोनवर सगळं सांगितलं. मागून गाडीच्या इंजिनाचा आवाज येत होता. ते म्हणाले, "माझ्या तोंडून आईचं निघायचं नाही. तू सांग. पण सांग."

काल डेप्युटींनी मला इथे बोलावून घोडीच्या पोटातून निघालेली गोळी दाखवली आणि ओळखता येते का असं विचारलं. गोळी मेरिल यांच्या साच्यातली आहे. एका अंगाने चेपली असली तरी नाकाची गोलाई आणि खालची वाटी मी ओळखते. अशी गोळी उडून गेल्यावर तिच्यावर कागद राहायला नको. या गोळीवर एका बाजूला कागदाचा पापुद्रा अजून आहे. तो कशाने तरी चिकटलेला आहे, आणि वाटीतलं शेपूट सपाट दाबलेलं आहे. आर्डिस ते अंगठ्याने दाबत असत, आम्ही बाकीचे काडीने दाबतो. ही गुंडाळी आर्डिस हॉगन यांच्या हातची आहे, असं मी शपथेवर सांगते. काल मी ओळखलं नाही असं म्हटलं होतं. ते खोटं होतं. दुरुस्त करून घ्यावं.

मेरिल यांच्या डोक्याबद्दल विचारलं गेलं म्हणून सांगते. ते रोज सकाळी स्वतःचा नाश्ता करतात आणि माझ्या बसच्या ब्रेकचा आवाज ऐकून कुठलं चाक बिघडलंय ते सांगतात. घोडी गेल्यापासून रोज डार्लीनच्या कुरणाच्या फाटकापर्यंत जातात आणि आत न जाता परत येतात. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय चांगले आहेत. त्या दिवशी त्यांना वार, तारीख, वारा, गोळी, सगळं ठाऊक होतं. गोळी वाईट आहे हेही ठाऊक होतं. मागे बांध आहे एवढ्या भरवशावर त्यांनी ती मारली, आणि ती दगडावरून उसळेल हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. डेप्युटींनी मला बजावलं की असं सांगितल्याने त्यांचा गुन्हा हलका होत नाही, उलट जाणूनबुजून निष्काळजीपणा केला असं होऊ शकतं, दंड होईल आणि कदाचित रायफलही जाईल. मला हे समजलं आहे. दंड ते भरतील. रायफल गेली तर त्यांना वाईट वाटेल, पण ते आपल्याच स्वयंपाकघरात बसून वाईट वाटून घेतील.

काल इथून जाताना दुकानासमोर डार्लीन स्ट्रूप भेटल्या. त्यांचं म्हणणं जबाबात यावं असं त्यांनीच सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "काय गं लॉर्ना, मेरिल भ्रमिष्ट झालाय म्हणे? कुंपणाच्या एका खांबावरून माझ्याशी भांडतोय तो माणूस, वेंडेल शाळेत होता तेव्हापासून. कुठला खांब, कोणी हलवला, कुठल्या उन्हाळ्यात, सगळं पाठ आहे त्याला. भ्रमिष्ट? मलाच भ्रमिष्ट करेल तो." मी म्हटलं, तक्रार तुमची आहे. त्या म्हणाल्या, "तक्रार घोडीची आहे. घर काढून घ्या असं मी कुठे लिहिलंय? मला तो पलीकडेच हवाय. भांडायला दुसरा कोणी नाही त्या बाजूला." मग त्यांना रडू आलं आणि त्या गाडीत बसल्या. त्यांनी तक्रार मागे घ्यायचा प्रयत्न केला होता. ती आता मागे घेता येत नाही असं त्यांना कळवण्यात आलं आहे.

मला विचारण्यात आलं की मेरिल यांनी त्या गोळ्या का मारल्या. याचं उत्तर त्यांनी मला दिलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. मी फक्त जे पाहिलं ते सांगू शकते. दोन्ही बारांनंतर ते गवताकडे बघत होते. त्यांना तिथे कण दिसायला हवे होते.

डब्यातल्या उरलेल्या गोळ्या सध्या या कचेरीच्या ताब्यात आहेत. त्यांची तपासणी व्हावी, खळ आहे की नाही ते बघावं, त्याला माझी हरकत नाही. माझा शब्द मी मोडलेला आहे. तो कोणाच्या सांगण्यावरून मोडलेला नाही.

हा जबाब डेप्युटींनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. एके ठिकाणी त्यांनी 'वृद्ध महिलेचा मानसिक ऱ्हास' असं घातलं होतं, ते खोडून 'आर्डिस यांना विसर पडू लागला' असं माझ्या शब्दांत करून घेतलं आहे. बाकी बरोबर आहे आणि मी खाली सही करते.

सहीच्या आधी मी विचारलं की हा जबाब पुढे कोण वाचेल. डेप्युटी म्हणाले की मेरिल आरोपी आहेत, त्यामुळे याची प्रत त्यांना द्यावीच लागते, आणि निकाल लागेपर्यंत मी साक्षीदार म्हणून त्यांच्याशी या विषयावर बोलायचं नाही. ते म्हणाले, "हे माझ्या हातात नाही, मिस लॉर्ना." ते मला दिसतं आहे. तरी सहीच्या वर हे लिहून घ्यावं: प्रत टपालाने पाठवू नये. ती मला न्यायला द्यावी, त्यांच्या टेबलाशी बसून मला त्यांना ती वाचून दाखवू द्यावी, आणि आर्डिसचा भाग येईल तेव्हा खोलीत तिसरं कोणी असू नये.